एअरब्रश नाहीये, मग किट रंगवायचं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्लॅस्टिकची मॉडेल किट जोडणाऱ्या वाचकांचे या वेळी आलेले प्रश्न एकत्र वाचले तर बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडलेत. किट जोडून तयार आहे, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) नाही, त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर नाही, हातात फक्त स्प्रेचा डबा आहे आणि तो दाबायची भीती वाटतेय. भीती वाटणं साहजिक आहे, कारण कित्येक दिवस बसून जोडलेलं मॉडेल दहा सेकंदात खराब होऊ शकतं. पण डब्याने खरंच सुंदर काम होतं, आणि हा माझ्या फार आवडीचा विषय आहे, म्हणून या वेळची सगळी जागा यालाच दिलीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : सगळे म्हणतात एअरब्रश घेतल्याशिवाय मॉडेल चांगलं होतच नाही. मी वर्षाला दोन-तीनच किट करते. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. स्प्रे कॅनमधून रंग रुंद आणि ओला पडतो, त्यामुळे १:२४ ची (म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी) कार, मोटरसायकलची टाकी, १:३५ चा एकाच रंगाचा रणगाडा, गनप्लाचे (गनडॅम रोबोंच्या किटचे) मोठे भाग असल्या कामांना डबा मस्त चालतो, कारच्या बॉडीवरची चकाकी तर मला डब्यानेच जास्त सोपी वाटते. डबा कमी कुठे पडतो, तर १:७२ च्या विमानावर मऊ कडांचे बारीक ठिपके काढायचे असतील किंवा पॅनेलच्या रेषांवर हलकी सावली द्यायची असेल तिथे. तुम्ही जर मुख्यतः कार नाहीतर एकरंगी विमानं करत असाल तर ही उणीव तुम्हाला कित्येक वर्षं जाणवणारसुद्धा नाही.

रंगाचा स्प्रे कॅन १९४९ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सायकॅमोरमध्ये एडवर्ड सेमूर यांनी तयार केला आणि त्यात भरलेला पहिला रंग ॲल्युमिनियमचा होता. म्हणजे धातूसारखा दिसणारा सलग थर ब्रशशिवाय देणं हेच याचं अगदी पहिलं काम. आजही चंदेरी रंग एका तुकड्यावर ब्रशने आणि दुसऱ्यावर डब्याने मारून बघा, ब्रशच्या रेघा दिसतात आणि डब्याचा थर पत्र्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या म्हणजे पुढची सगळी उत्तरं सोपी जातील. एअरब्रशमध्ये हवेचा दाब, रंग किती पातळ, किती सोडायचा हे सगळं तुम्ही ठरवता. डब्यात ते कारखान्यातच ठरून आलेलं असतं. मग आपल्या हातात उरतं काय तर डबा किती लांब धरला, हात किती वेगाने फिरवला, डबा किती गार किंवा कोमट आहे, त्या दिवशी हवा कशी आहे आणि दोन कोटमध्ये किती थांबलो. एवढंच. खाली जेवढ्या तक्रारी आल्यात त्यातल्या बहुतेकांचं मूळ या पाचातच आहे.

प्रश्न : माझा रंग कधी पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो आणि कधी ओघळतो. दोन्ही एकाच डब्याने. नक्की काय चुकतंय?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय. दोन्हींचं कारण एकाच ठिकाणी शोधायचं, रंगाचे थेंब प्लॅस्टिकपर्यंत पोचतात तेव्हा ते किती ओले असतात तिथे. डबा फार लांब असेल किंवा हवा गरम आणि कोरडी असेल तर थेंब वाटेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर नुसते जाऊन बसतात, एकमेकांत मिसळत नाहीत, तो तुमचा खरखरीतपणा. डबा फार जवळ असेल किंवा हात रेंगाळला तर एकाच जागी इतका रंग जमतो की तो स्वतःला सावरू शकत नाही आणि खाली घसरतो. रंग ओला पोचला पाहिजे पण थोडा थोडा पोचला पाहिजे, सगळी कला ती एवढीच.

अंतर साधारण एक वीत ठेवा, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर, आणि हाताचा वेग सेकंदाला एक वीत ते दीड वीत. हात मनगटातून कमानीसारखा फिरवू नका कारण मग मधोमध डबा जवळ येतो आणि कडांना लांब जातो, खांद्यातून अख्खा हात सरळ रेषेत न्या. बटण मॉडेलच्या बाहेर दाबायचं, मॉडेलवरून पुढे जायचं आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच सोडायचं. हे फार महत्त्वाचं आहे कारण बटण दाबताना आणि सोडताना नॉझलमधून जाड थेंब उडतात, ते हवेत जाऊ देत, मॉडेलवर नकोत. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे.

पहिला कोट अगदी हलका, इतका हलका की खालचं प्लॅस्टिक दिसत राहील आणि तुम्हाला वाटेल हे काहीच झालं नाही. बहुतेकांचा हात इथेच घसरतो, प्लॅस्टिक दिसतंय म्हणून लगेच परत फिरवतात आणि ओघळ येतो. थांबा. लॅकर (लवकर वाळणारा रंग, त्याबद्दल पुढे) असेल तर दहा-पंधरा मिनिटं, मग दुसरा थोडा जास्त. हे आधीचे कोट पुढच्या ओल्या कोटला पकड देतात. ग्लॉस म्हणजे चकाकी हवी असेल तर शेवटचा कोट जरा संथ हाताने ओला मारायचा, आणि तो मारताना डब्याकडे बघायचं नाही, पृष्ठभागावर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे तिरकं बघायचं, ते प्रतिबिंब धूसर असतं आणि रंग ओला झाला की एकदम स्वच्छ होतं, स्वच्छ झालं त्याच क्षणी हात पुढे न्यायचा. मॅट म्हणजे चमक नसलेल्या रंगाला या ओल्या कोटची गरजच नाही, तिथे दोन-तीन हलके कोट पुरतात.

खरखरीत आणि ओघळ यांच्या मधली एक अवस्था असते तिला ऑरेंज पील म्हणतात, पृष्ठभाग चमकतो पण संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. याचं कारण बरेचदा गार डबा. डब्यातला वायू द्रवरूपात असतो, तो उकळून बाहेर पडताना डब्यातली उष्णता घेऊन जातो, म्हणून सलग दाबत राहिलं की डबा हाताला गार लागायला लागतो, आतला दाब कमी होतो आणि थेंब मोठे पडतात. सलग आठ-दहा सेकंद दाबून धरण्यापेक्षा छोटे छोटे फटके मारा, मध्ये मध्ये हलवा. आणि सुरुवातीला आतली गोळी सुटून खडखड वाजायला लागल्यापासून पूर्ण एक-दोन मिनिटं हलवायचं, वाजली की झालं असं नाही, घट्ट रंग तळाशी बसलेला असतो.

ओघळ आलाच तर बोट लावू नका, कापड लावू नका. दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, मग १००० नाहीतर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून तो उंचवटा घासून सपाट करा आणि वरून परत हलका कोट. ओल्या ओघळाशी झटापट केली तर तेवढा भाग प्लॅस्टिकपर्यंत उघडा पडतो आणि काम तिप्पट होतं.

प्रश्न : डबा गरम पाण्यात ठेवून वापरतात म्हणे. स्फोट नाही का होत?

उत्तर : कोमट पाण्यात ठेवतात, गरम नाही, आणि या फरकावरच सगळं अवलंबून आहे. ४० अंश सेल्सिअसच्या आसपासचं, म्हणजे हाताला सुखद वाटणारं पाणी एका भांड्यात घ्यायचं आणि त्यात डबा पाच-दहा मिनिटं उभा ठेवायचा. रंग जरा पातळ होतो, दाब वाढतो, थेंब बारीक होतात आणि थर छान पसरतो. डब्यावर बहुतेक वेळा छापलेलंच असतं की ५० अंशांच्या वर नेऊ नका, ते मनावर घ्या. गॅसवर, हीटरवर, मायक्रोवेव्हमध्ये, उकळत्या पाण्यात, उन्हात तापलेल्या गाडीत अजिबात नाही, तिथे डबा खरंच फुटतो आणि आतलं सगळं ज्वालाग्राही असतं. पाण्यातून काढल्यावर डबा कोरडा पुसा नाहीतर पाण्याचा थेंब थेट ताज्या रंगावर पडतो, आणि परत एकदा हलवा. हवा मुळातच गरम असेल तर हे सगळं करायची गरज नाही.

प्रश्न : दुकानात टीएस, पीएस, एएस, लॅकर, एनॅमल, ॲक्रिलिक, कारचा टचअप स्प्रे असं बरंच काही दिसतं. कुठला घ्यायचा?

उत्तर : आधी तमिया या जपानी कंपनीच्या डब्यांचं बघू कारण गोंधळ तिथेच होतो. टीएस हे साध्या किटच्या पॉलिस्टायरीनसाठी, एएस हे विमानांच्या खास रंगछटांसाठी आणि तेही त्याच प्लॅस्टिकवर चालतं, पीएस मात्र रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पारदर्शक पॉलीकार्बोनेट बॉडीसाठी आहे जी आतून रंगवतात. पीएस साध्या किटवर मारू नका. डबे सारखेच दिसतात म्हणून घेताना अक्षरं नीट वाचा. जीएसआय क्रिओस या दुसऱ्या कंपनीचे मिस्टर कलर स्प्रे हेही लॅकरच, टीएसच्या जोडीने बिनधास्त वापरता येतात.

लॅकर लवकर वाळतं, प्लॅस्टिकला थोडंसं विरघळवून घट्ट धरतं आणि थर पातळ राहतो, म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी तेच सांगेन. एनॅमल छान पसरतं पण वाळायला दिवसच्या दिवस घेतं आणि तोवर धूळ बसते. डब्यावर ॲक्रिलिक लिहिलंय म्हणजे तो पाण्यातलाच रंग असं समजू नका, कारसाठीचे कितीतरी ॲक्रिलिक स्प्रे तिखट सॉल्व्हंटमध्ये (रंग विरघळवणाऱ्या द्रवात) बनवलेले असतात. हेच कारच्या टचअप स्प्रेचं, रंग सुरेख असतात, चकाकीही सुरेख, पण सॉल्व्हंट जहाल असला तर उघड्या प्लॅस्टिकवर बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते घासूनच काढावं लागतं. वापरायचाच असेल तर आधी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मग अगदी हलके कोट, आणि त्याच्याही आधी स्प्रूच्या तुकड्यावर चाचणी. स्प्रू म्हणजे भाग तोडून झाल्यावर उरणारी ती चौकट, ती फेकू नका, तेच प्लॅस्टिक असल्यामुळे चाचणीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

थरांचा क्रम लक्षात ठेवा. लॅकर खाली आणि एनॅमल वर चालतं, उलटं केलं तर वरचं लॅकर खालच्या एनॅमलला सुरकुत्या पाडतं, कधी लगेच तर कधी एनॅमल आठवडाभर वाळवल्यानंतरसुद्धा.

प्रश्न : प्रायमर मारलाच पाहिजे का?

उत्तर : लॅकर स्प्रे नुसत्या पॉलिस्टायरीनवरही धरतो, त्यामुळे जो रंग मारायचाय त्याच रंगाच्या प्लॅस्टिकची छोटी कार असेल तर सोडला तरी चालतो. पण पुट्टी लावली असेल, धातूचे किंवा रेझिनचे भाग असतील किंवा किट दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकमध्ये आलं असेल तर मारा. राखाडी प्रायमरचा अजून एक मोठा उपयोग म्हणजे तो मारल्यावर सांध्यावरची फट आणि पॉलिश पेपरचे ओरखडे लख्ख दिसतात जे नुसत्या प्लॅस्टिकवर दिसत नाहीत. मिस्टर सरफेसर या प्रायमरवरचा आकडा जेवढा मोठा तेवढा तो बारीक, ५०० ने ओरखडे भरतात, १५०० ने जवळजवळ गुळगुळीत थर मिळतो. लाल आणि पिवळ्याखाली राखाडी नको, पांढरा किंवा गुलाबी घ्या, नाहीतर रंग मळका दिसतो आणि तो उजळ करायच्या नादात थरावर थर चढत जातात. चकचकीत चंदेरीखाली ग्लॉस काळा.

आणि प्रायमरच्याही आधी, किटचे भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा आणि बोटांचे ठसे राहिले तर रंग तिथे मागे सरकतो आणि गोल गोल खड्डे पडतात. वाळल्यावर कोरड्या कापडाने जोरात पुसू नका, घासल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि खोलीतली सगळी धूळ तिथे धावत येते, किंचित ओलसर कापड हलकेच फिरवलं की पुरे.

प्रश्न : मी आठवीत आहे. आई घरात स्प्रे मारू देत नाही, वास येतो म्हणते. काय करू?

उत्तर : तुझ्या आईचं बरोबर आहे आणि तू तिचं ऐकावंस असं मला मनापासून वाटतं. या डब्यातला सॉल्व्हंट नुसता वासाचा नसतो, तो फुप्फुसांना आणि डोक्याला त्रास देतो. डब्यातला रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा प्रोपेन-ब्युटेनसारखा पेट घेणारा असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, तिथे कुठे गॅसची ज्योत किंवा ठिणगी असेल तर आग लागू शकते. त्यामुळे बंद खोलीत, बाथरूममध्ये, स्वयंपाकघराजवळ कधीच नाही. मोकळ्या जागेत, घरातलं मोठं माणूस सोबत असताना, वारा नसेल अशा वेळी मारायचं. वारा असेल तर रंग उडतो आणि शेजारच्यांच्या वस्तूंवर जाऊन बसतो. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेव, त्यात मॉडेल ठेव आणि खोक्याच्या तोंडाकडून आत स्प्रे कर, उडालेला रंग खोक्यातच राहतो.

तोंडाला साधा मास्क किंवा एन ९५ पुरत नाही हे मोठ्यांनाही सांग. तो रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला रबरी मास्क लागतो, आणि डोळ्यांना गॉगल, हातात ग्लोव्हज. रंगवलेले भाग वास जाईपर्यंत झोपायच्या खोलीत आणायचे नाहीत.

आणि आई तरीही नाही म्हणाली तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि एक चांगला मऊ चपटा ब्रश घे. रंग थोडा पातळ करून दोन-तीन थर दे, दर थर पूर्ण वाळू दे, आणि एकदा ब्रश फिरवलेल्या जागी अर्धवट ओलं असताना परत जाऊ नकोस. रणगाडे आणि सैनिक ब्रशने फार सुंदर होतात, त्यासाठी स्प्रेची वाट बघत बसायची गरज नाही.

प्रश्न : टेप काढली की कड दातेरी दिसते, कधी खालचा रंगच उपटून येतो. आणि डब्याने कॅमोफ्लाजच्या मऊ कडा जमतात का?

उत्तर : आधी दातेरी कड. घरकामाची जाड मास्किंग टेप इथे चालत नाही, मॉडेलसाठीची पातळ पिवळी कागदी टेप घ्या, तीही काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने नवीन कड कापून मग लावा, कारण रोलची कड धूळ खाल्लेली असते. लावल्यावर टूथपिकच्या बोथट टोकाने कड दाबून बसवा. मग खरी युक्ती, नवा रंग मारायच्या आधी जो खालचा रंग आहे त्याचाच, नाहीतर क्लिअरचा (बिनरंगी पारदर्शक थराचा), एक हलका कोट टेपच्या कडेवर मारा. फटीतून जे काही आत झिरपायचं ते याच रंगाचं झिरपतं आणि फट बुजते. त्यानंतर दुसरा रंग, हलके कोट, आणि डब्याचा रोख टेपकडून मोकळ्या भागाकडे, उलटा धरला तर रंग कडेखाली घुसतो.

टेप काढायची ती रंग हाताला कोरडा लागल्यावर, पण दगडासारखा कडक व्हायच्या आधी, आणि वर ओढायची नाही, स्वतःवरच दुमडून हळूहळू मागे न्यायची. खालचा रंग उपटून येत असेल तर एकतर तो वाळला नव्हता नाहीतर त्याखाली तेलकटपणा होता. लॅकरवर टेप लावायच्या आधी निदान एक दिवस जाऊ द्या, एनॅमलवर त्याहून बराच जास्त. वाळलंय का हे बोटाने बघू नका, नाकाने बघा. मॉडेल जवळ धरल्यावर सॉल्व्हंटचा वास येतोय म्हणजे आत अजून ओलं आहे.

मऊ कडा जमतात, हो, बऱ्यापैकी जमतात. ब्लू टॅकसारख्या चिकट रबराच्या तीन-चार मिलीमीटर जाडीच्या वळकट्या करून रंगाच्या सीमेवर ठेवायच्या, वळकटीच्या आतला भाग टेपने आणि कागदाने पूर्ण झाकायचा आणि स्प्रे वरून सरळ खाली काटकोनात मारायचा. वळकटी गोल असल्यामुळे तिच्या पोटाखाली रंगाचे थोडे कण जातात आणि कड मऊ होते. तिरका मारलात तर एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कडक असं विचित्र दिसतं. फिकट रंग आधी, गडद नंतर. आणि झाकण्यात कंजूषपणा करू नका, डब्याचा फवारा रुंद असतो, पंखावर मारलेला हिरवा शेपटीच्या पोटाखाली जाऊन बसतो, म्हणून ज्या भागाला आज रंग नकोय तो सगळा गुंडाळून टाका. कॉकपिटच्या काचेचंही तसंच, काच झाकून आधी कॉकपिटच्या आतला रंग मारायचा आणि त्यावर बाहेरचा, म्हणजे आतून बघितल्यावर चौकट आतल्याच रंगाची दिसते.

प्रश्न : शेवटचा क्लिअर कोट दुधासारखा पांढरा झाला आणि डेकलवर सुरकुत्या आल्या. अख्खं मॉडेल वाया गेलं का?

उत्तर : पांढरेपणा जवळजवळ नक्की जाईल, डेकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रांचं, सांगता येत नाही. लॅकरमधला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्यातली वाफ तिथे पाणी होऊन ओल्या थरात अडकते, तो पांढरेपणा. म्हणून पाऊस चालू असताना किंवा हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असताना क्लिअर मारायचाच नाही, रंगापेक्षा क्लिअर इथे जास्त नखरे करतो. आता कोरडा दिवस बघा आणि त्याच जातीच्या ग्लॉस क्लिअरचा एक पातळ कोट मारा, तो खालचा थर थोडा विरघळवतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा सगळं परत पारदर्शक होतं. मॅट क्लिअर पांढुरका झाला असेल तरी हेच, आधी पातळ ग्लॉस, ते वाळल्यावर परत मॅट, या वेळी डबा नीट हलवून आणि हलक्या हाताने. मॅट क्लिअरमध्ये चमक घालवणारी पूड असते, ती तळाशी बसलेली राहिली किंवा थर जाड झाला की पांढरट दिसतं.

डेकलच्या सुरकुत्या सॉल्व्हंटमुळे येतात. टीएस-१३ हा तमियाचा ग्लॉस क्लिअर चकाकीला अप्रतिम आहे पण जहाल आहे, त्याचा पहिलाच कोट ओला मारला तर डेकल आकसतात. पहिले दोन कोट धुक्यासारखे हलके, मध्ये भरपूर थांबून, आणि डेकल बसवल्यावर एक-दोन दिवस पाणी पूर्ण सुकल्याशिवाय तेही नाही. सुरकुतलेलं डेकल पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने हलकं घासून क्लिअर चढवलं तर थोडं सपाट होतं, खूपच आकसलं असेल तर काढून दुसरं लावावं लागेल. डेकल नेहमी ग्लॉस पृष्ठभागावरच लावा, मॅटवर लावलं तर खाली हवा राहते आणि फिल्म चंदेरी दिसते.

प्रश्न : सगळा रंग काढून परत पहिल्यापासून करता येतं का?

उत्तर : येतं. मॉडेलसाठीचे बरेच लॅकर आणि ॲक्रिलिक ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून ठेवले की मऊ पडतात, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. एनॅमल त्याने सहसा हलत नाही. पारदर्शक भाग बुडवू नका. हेही पेट घेणारं आहे, तेव्हा झाकण लावून आणि ज्योतीपासून लांब. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा कारचा थिनर कधीच नाही, त्यात रंगाबरोबर पॉलिस्टायरीनही विरघळतं.

प्रश्न : बारीक भाग डब्याने कसे रंगवायचे? आणि एखाद्या ठिकाणी टचअप करायचा तर पूर्ण परत स्प्रे करावा लागतो का?

उत्तर : बारीक भाग सुटा ठेवला तर फवाऱ्याच्या जोराने उडून जातो. क्लिपवाल्या काड्यांना अडकवा, किंवा काडीला दुहेरी चिकट टेप लावून त्यावर बसवा, आणि शक्य असेल ते स्प्रूवर असतानाच रंगवा, मग तोडलेल्या जागी फक्त ब्रश लावायचा. जिथे नंतर प्लॅस्टिक सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) लावणार तिथे टेपचा तुकडा लावून ठेवा, कारण ते प्लॅस्टिकला विरघळवून जोडतं, मध्ये रंग असला तर सांधा कच्चा राहतो. टेप लावायची राहिली तर जोडायच्या आधी ब्लेडने रंग खरवडा.

टचअपसाठी डब्यातलाच रंग बाटलीत काढून घ्यायचा, म्हणजे रंगछटा तंतोतंत जुळते. नॉझलला स्ट्रॉचा तुकडा टेपने बसवा, दुसरं टोक काचेच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि मोकळ्या हवेत, ग्लोव्हज आणि मास्क घालून, हळूहळू बटण दाबा. बाटली बर्फासारखी गार होईल आणि रंग फेसाळेल, कारण त्यात वायू विरघळलेला असतो. झाकण घट्ट लावू नका, ते नुसतं वर ठेवून बाटली रात्रभर बाहेर राहू द्या, लगेच घट्ट बंद करून हलवली तर झाकण उडतं आणि रंग सगळीकडे जातो. बुडबुडे येणं थांबलं की तो साधा लॅकर रंग झाला, लॅकर थिनर थोडा घालून ब्रशने लावा, एकाच फटक्यात, त्यावरून परत ब्रश नको कारण खालचा थर सुटतो.

काम झालं की डबा उलटा धरून बटण दाबा, रंग थांबून नुसता वायू येईपर्यंत, म्हणजे नळी आणि नॉझल साफ होतात. तरीही नॉझल तुंबलं तर ते फिरवून काढा आणि थिनरमध्ये टाकून ठेवा. डब्याच्या तोंडात टाचणी घालू नका, आणि रिकामा वाटला तरी डब्याला भोक पाडू नका, आत थोडा वायू नेहमी उरलेला असतो.